दहा म्हातारे आणि लेव्हल पहिली

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आम्ही तर चुका जमवत होतो. 'राखण' नावाचा कॉम्प्युटर गेम बनवताना आम्ही एक दोनशे पानी वही आणली होती. डाव्या पानावर गेममध्ये काय बिघडलं ते लिहायचं, उजव्या पानावर खेळणारा त्या वेळी काय बोलला ते. तीन महिन्यांत डावी पानं निम्मी कोरीच राहिली आणि उजव्या पानांसाठी दुसरी वही आणावी लागली! आता चार जण चहाला जमले की गेमबद्दल कोणी विचारत नाही. "मंग्या, उजवं पान सांग," म्हणतात.

आम्ही म्हणजे तिघं. मी मंगेश, सगळ्यांचा मंग्या. अमरावतीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, कारण मास्तर गाईडमधून वाचून दाखवायचे आणि मला वाचता येत होतं. कोड मी लिहायचो. चित्रं शोएब काढायचा. त्याच्या अब्बांचा अकोल्याच्या जुन्या शहरात कूलरचे पत्रे ठोकायचा कारखाना, आणि त्याच्यावरच्या खोलीत आमचं ऑफिस. खाली हातोडे, वर आम्ही. तिसरी प्रणिता. अमरावतीला राजापेठेत वानखडे सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती शिकवायची. आमच्यात नोकरी तिलाच होती, म्हणून डोकंही तिचंच शांत होतं.

गेम अगदी साधा. वरून दिसणारं एक गाव, चार वावरं, पाच माणसं, एक बैलगाडी. माणसावर क्लिक केलं की तो तयार होतो, दुसरीकडं क्लिक केलं की तिकडं चालू लागतो. त्यांच्याकडून कुंपण घालून घ्यायचं, मचाणावर राखणीला बसवायचं, पीक गाडीत भरून घरी आणायचं. वेळ वीस मिनिटं. तेवढ्यात रानडुकरं येतात. बुद्धिबळात तुमचा विचार होईपर्यंत समोरचा थांबतो. इथं डुक्कर थांबत नाही. बाकी सगळं सारखंच.

माणसं चौकोनी ठिपक्यांची, रंग मोजून सोळा. पुण्याचा एक जण बघून म्हणाला, "वा, रेट्रो स्टाईल!" कशाची स्टाईल? सरांच्या क्लासमधली मशीनं इतकी जुनी होती की त्यांच्यावर सतरावा रंग चढत नव्हता!

त्या वर्षांत सरकारी नोकरीतल्या लोकांना कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची झाली होती. पन्नाशीचे कारकून, मास्तर, ग्रामसेवक क्लासला यायचे आणि माऊस असा धरायचे जसं दुसऱ्याचं तान्हं पोर. त्यांचा हात बसवायला सरांना काहीतरी हवं होतं. सर म्हणाले, "माऊस कधीच न धरलेले दहा जण देतो. सगळे पन्नाशीच्या वरचे. कितीही वेळा हरू द्या, पण तुम्ही तोंडातून शब्द काढायचा नाही. दहाच्या दहा जणांनी पहिली लेव्हल पार केली तर अमरावती-अकोला दोन्ही सेंटरच्या सगळ्या मशीनवर तुमचा गेम. नाही तर रामराम."

घरची अट वेगळीच होती. माझे बाबा दर्यापूरला हायस्कूलमध्ये मास्तर. ते म्हणाले, "पोळ्यापर्यंत काय खेळाचं थे खेळ. तोवर गेम कुठं लागला तं ठीक, नाही तं मंग मामाच्या दुकानात बसाचं. कायमचं." मामाचं दर्यापुरात कृषी केंद्र. बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचा असा वास की दुकानातून आलेला माणूस अंघोळ करूनही दुकानातून आल्यासारखाच वाटतो.

म्हणजे दहा म्हातारे मिळून माझ्या आयुष्याचं ठरवणार होते. यात नवीन काही नव्हतं. आजवर तेच ठरवत आले होते!

*

पहिले बसले तहसीलमधले ढोके बाबू. बाबूंनी पाचही माणसं एकेक करून घराच्या दारासमोर आणली. रांगेत उभी केली. दोघांच्या मध्ये सारखं अंतर. आम्ही मागच्या बाकावर खूश. पहिल्याच माणसाचा हात बसला!

मग बाबूंनी हाताची घडी घातली.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. डुकरं आली. एक वावर खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसरं चवीचवीनं खाल्लं. रांग जागची हलली नाही. बाबूही हलले नाहीत. स्क्रीनवर 'पीक गेलं' अशी पाटी आली.

प्रणितानं विचारलं, "बाबू, एकालेही कामावर काहून नाही पाठवलं?"

"मागणी केली काय कोणी? मागणीचा अर्ज नाही, मी काम कसं देऊ?"

"मंग रांग कशाची लावली?"

"अर्ज द्याची!"

मी त्या दिवशी भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. शोएबनं मात्र रात्रीतून नाही, दहा मिनिटांत इलाज केला. सुरुवातीच्या चित्रात पहिल्या माणसाच्या हातात एक पांढरा ठिपका काढला. कागद! दुसऱ्या दिवशी बाबूंनी तो ठिपका बघितला, चष्मा वर केला, पाचही जणांना कामावर धाडलं आणि लेव्हल पार केली. कागदावर काय लिहिलंय ते शोएबनं काढलंच नव्हतं. बाबूंनी विचारलंही नाही.

*

दुसऱ्या इंगळे मॅडम, जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी बसल्याबसल्या पाचही माणसांना नावं देऊन टाकली. "गणेश, तू विहिरीकडं. सुरेश, कुंपण. रमेश, तिकडं काय बघतो?" सगळं तोंडानं. माऊसला हातच नाही. अर्थातच कोणी हललं नाही.

"कान नाहीत काय याइले?" म्हणत मॅडमनी माऊसनं गणेशला टोचलं. गणेश तयार झाला. मॅडमचा चेहरा उजळला. "हं! म्हणजे इथंही टोचल्याशिवाय होत नाही."

तिथून पुढं मॅडम सुसाट. पण माझ्या कोडमध्ये एक चूक होती. पाचवा माणूस मधूनच काम सोडून गावाबाहेर भटकायला जायचा. मॅडमनी त्याला धरून आणला, घराच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभा केला आणि शेवटपर्यंत तिथंच ठेवला. चौघांच्या जिवावर लेव्हल पार!

"मॅडम, पाचव्याले काहून नाही वापरलं?" प्रणितानं विचारलं.

"न विचारता बाहेर गेला होता."

ती चूक मी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केली. आठवड्यानं मॅडम भेटल्या. हालहवाल नाही, काही नाही, पहिला प्रश्न, "सुधारला काय तो?"

*

इकडं अकोल्यात वेगळंच. शोएब दिवसभर डुक्कर काढायचा. चालणारं डुक्कर, पळणारं डुक्कर, खाणारं डुक्कर, पाठमोरं डुक्कर. एक दिवस अब्बा चहा घेऊन वर आले, त्याच्या मागं उभे राहिले आणि तिथूनच खाली शोएबच्या अम्मीला हाक मारली, "अरे सुनती हो? तीन महीने से लडका खाली सुअर बना रहा है!"

शोएब गडबडला. "अब्बा, भगाने के लिए बना रहा हूँ."

"भगाना है तो बनाता कायको है?"

हा प्रश्न मी तिथंच उजव्या पानावर लिहून घेतला. गेम बनवणाऱ्या प्रत्येकाला विचारायला हवा!

अब्बा निघाले, दारात थांबले, परत आले. चष्मा लावून स्क्रीनच्या जवळ गेले. आयुष्यभर पत्र्यावर चौकोन आखलेला माणूस. "पीछे का पैर एक खाना बाजू में ले. गिर जाएगा वो." शोएबनं पाय एक चौकोन सरकवला. तीन महिने लंगडणारं डुक्कर धडधाकट पळायला लागलं!

अब्बांनी कपाळावर हात मारला. "या अल्लाह, मैंने ठीक कर दिया!"

*

साहेबराव काका चांदूर बाजारचे, जनावरांच्या दवाखान्यात शिपाई. हात असा बसला की काय सांगू. दहा मिनिटांत कुंपण, मचाण, सगळं जागेवर. राहिलं फक्त पीक गाडीत भरून घरी आणायचं.

काकांनी गाडी भरली आणि घराकडं नेण्याऐवजी विहिरीवर नेली. थांबवली. बघत बसले. मग घरी आणली. परत वावरात, परत भरली, परत विहीर, परत थांबले. प्रत्येक खेपेला! वेळ संपत चालला. मला नियम माहीत होता. तरी तिसऱ्या खेपेला माझा तोल गेला. "काका, गाडी घरी न्या न! विहिरीवर काय ठेवलंय?"

"बैल पानी पिऊन राह्यले."

"अहो, चित्रातले बैल हायेत ते!"

काका वळले. असे वळले की मी बाक सोडून उभा राहिलो. "चित्रातले हायेत म्हनून तहानलेले हाकलतं काय बे?"

काका हरले. प्रणितानं मला तीन दिवस क्लासच्या दाराबाहेर बसवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं की हा न विचारता बोलला. पण त्या तीन दिवसांत मी बाहेर बसून एक नियम लिहिला. पाणी पाजलेले बैल दुप्पट वेगानं चालतात. पुढच्या वेळी काका दोन मिनिटं राखून जिंकले. त्यांच्यामागून आणखी दोघं जिंकले. तिघांपैकी एकालाही कोणी सांगितलं नव्हतं. तिघांनीही गाडी आपणहून विहिरीवर नेली.

तिसऱ्या वर्षाच्या सिलॅबसमध्ये हे कुठंच नव्हतं.

दहापैकी पाच.

*

मग आले रिद्धपूरचे पोस्टमन काका. महानुभाव पंथाचे. मुंगीला वळसा घालून चालणारा माणूस. गेममध्ये गोफण होती, दगड लागला की डुक्कर नाहीसं व्हायचं. काकांनी गोफणीचं चित्र बघितलं आणि विचारलं, "दगड लागन न त्याले?" नियमाप्रमाणे आम्ही गप्प. काकांनी गोफण उचललीच नाही.

शोएब माझ्या कानात म्हणाला, "गया ये. सब खा जाएंगे."

काकांनी तीन वावरांना कुंपण घातलं आणि चौथं उघडं सोडलं. नुसतं सोडलं नाही, तिकडं जायच्या वाटेवरचा दगडही बाजूला केला! डुकरं आली, चौथ्या वावरात गेली, पोटभर खाल्लं आणि निघून गेली. काकांनी तीन वावरांचं पीक आरामात घरी आणलं. अकरा मिनिटं. तोवरचा रेकॉर्ड!

तीन वावरांच्या पिकात लेव्हल पार होते आणि पोट भरलेलं डुक्कर परत जातं, हे दोन्ही नियम मीच लिहिले होते. पण असं खेळता येतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"काका, हे तुम्हाले सुचलं कसं?"

"चार वावरं होते," काका चप्पल घालत म्हणाले, "एक त्यायचं."

*

दर्यापूर तालुक्यातले दोन सख्खे भाऊ होते. थोरला ग्रामसेवक, धाकटा सहकारी बँकेत शिपाई. दोघंही क्लासला यायचे आणि दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसायचे. प्रणिताला वाटलं, लाजतात. तिनं चांगल्या मनानं दोन मशीनं वायरनं जोडली आणि दोघांना जोडीचा खेळ लावून दिला. दोघांची वावरं शेजारी शेजारी, डुकरं दोघांची सामायिक. एकमेकांना मदत केली तर लेव्हल पाच मिनिटांची.

धाकट्यानं पहिलं काम काय केलं? दोन वावरांच्या मधल्या बांधावर, म्हणजे धुऱ्यावर, कुंपण घातलं. भावाच्या बाजूला एक चौकोन सरकवून! थोरल्यानं ते काढलं आणि दोन चौकोन धाकट्याच्या बाजूला घातलं. धाकट्यानं माणसं वाढवली. थोरल्यानं सगळीच आणली. पाच अधिक पाच, दहा माणसं एका रेषेवर. बाकी तिन्ही बाजू मोकळ्या! डुकरं आली, जेवली, गेली. दोघांपैकी एकानंही मान वर केली नाही.

'पीक गेलं' अशी पाटी दोन्ही स्क्रीनवर एकदमच आली. मी म्हटलं, आता तरी पश्चात्ताप होईल.

थोरला खुर्चीत मागं रेलला. "गेलं तं गेलं. धुरा तं बराबर झाला!"

पलीकडच्या टोकावरून आवाज आला, "अजून अर्धा चौकोन हाये माया!"

खऱ्या वावरातल्या एका हातभर धुऱ्यासाठी दोघं कितीतरी वर्षं कोर्टात भांडत होते हे आम्हाला नंतर कळलं. मग वेगवेगळ्या वारी बोलावले. दोघंही एकेकटे पहिल्याच झटक्यात पास. दोघंही जाताना एकच विचारून गेले, "त्यानं किती मिनिटांत केलं?"

*

लोडशेडिंगची वर्षं होती. दुपारी बाराला वीज गेली की तीनला यायची. सरांचा इन्व्हर्टर फक्त सरांच्या पंख्यापुरता.

पाटबंधाऱ्यातले काळे काका जिंकायला दोन मिनिटं बाकी होती आणि बारा वाजले. स्क्रीन काळीठिक्कर. प्रणितानं जीभ चावली. मी शिवी गिळली. काळे काका मात्र खूश! "वा रे पोट्टेहो! हे बी टाकलं काय याच्यात? लय बारीक काम केलं!"

आम्ही गप्प. नियम म्हणजे नियम. काका माऊस धरून काळ्या स्क्रीनसमोर बसून राहिले. प्रणिता जेवून आली. मी जेवून आलो. काका तसेच.

शेवटी वानखडे सर आले आणि म्हणाले, "काका, लाईन गेली हो. घरी जा, जेवून या."

"तुमी जा सर," काका स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणाले, "याच टायमाले येते डुक्कर."

तीन वाजता वीज आली, गेम पहिल्यापासून सुरू झाला आणि काकांनी तो एका दमात पार केला. कोणी अभिनंदन करायच्या आत म्हणाले, "फक्त लाईनीचं टाइमटेबल लावत जा भिंतीवर. आमचं खातं लावते. खोटं असते, पन लावते!"

नऊ.

*

नऊ झाल्याची बातमी दर्यापूरला गेली असावी, कारण दुसऱ्याच दिवशी मामा हजर. पांढरा शर्ट, खिशात तीन पेन, त्यातलं एक चालणारं. मामानं गेम दोन मिनिटं बघितला आणि धंद्याचं बोलला, "चांगला हाये. पन याच्यात फवारणी कुठं हाये?"

"नाही टाकली."

"टाक. माह्या दुकानाचा बोर्ड बी टाक. फवारणीबिगर पीक दाखवतं, लोकं हसतीन."

"मामा," मी म्हटलं, "याच्यात पीक वाचवाचं हाये."

मामा चहा अर्धा टाकून गेला. प्रणिता म्हणाली, "दहावा हरला तं तुले पोळ्यानंतर त्याच्याच दुकानात बसाचं हाये हे लक्षात असू दे."

लक्षात होतं. म्हणूनच आत्ता बोलून घेतलं!

*

त्याच सुमारास मुंबईचे टीव्हीवाले गाड्या भरभरून आमच्याकडं यायचे. विहिरीच्या काठावर कोणाला तरी उभं करायचं, खाली बघायला सांगायचं आणि निघून जायचं. त्यांतल्या एकाला कोणीतरी सांगितलं की वऱ्हाडातली पोरं शेतीचा गेम बनवतात. खादीचा कुर्ता घालून आला. आवाज आधीच पाडलेला.

"यात शेतकरी... म्हणजे शेवटी... तसं काही आहे का?"

"खेळून बघा," प्रणिता म्हणाली.

तो बसला, पण माऊसला हात लावला नाही. डुकरं वावरात शिरली तशी त्यानं कॅमेरावाल्याला खूण केली. "हे घे. क्लोज घे. थांब, अजून एक वावर खाऊ दे, फ्रेम छान आहे."

प्रणितानं त्याच्या खांद्यावरून हात घातला, माऊस ओढून घेतला आणि उभ्याउभ्या, चार मिनिटांत, उरलेली तिन्ही वावरं राखली. 'पीक घरी आलं' अशी पाटी आली.

"अरेरे!" तो म्हणाला.

बातमी लागली नाही. कशी लागणार? पीक घरी आलं होतं न!

*

आता शेवटचा.

दहाव्या होत्या आरोग्य खात्यातल्या एक नर्सबाई. पोळा चार दिवसांवर आला आणि त्यांची मेळघाटात बदली झाली. सर म्हणाले, "दुसरा कोणी आणा. पन्नाशीच्या वरचा, माऊस न धरलेला." आम्ही राजापेठ पालथी घातली. ज्याला विचारावं तो म्हणे, "थे डुकराचं न? काळे काकांनी क्लासवर नेऊन दाखवलं मले." आमच्या म्हाताऱ्यांनी सगळं गाव खेळवून ठेवलं होतं!

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा मला न्यायला आले. हातात रिकामी पिशवी, माझ्या कपड्यांसाठी. प्रणितानं त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "काका, तुम्ही कॉम्प्युटरची परीक्षा दिली?"

"रिटायर व्हाले दीड वर्ष राह्यलं. मले माफ हाये थे."

"म्हणजे माऊस कधी धरलाच नाही?"

बाबांना लगेच समजलं. मास्तर माणूस. त्यांनी माझ्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. "मी जिंकलो तं हा सुटला. हरलो तं बाराच्या गाडीनं माह्यासंग. असंच न?"

"असंच."

"बसतो मंग," बाबा खुर्ची ओढत म्हणाले. "वीस मिनिटं बसतो. पन हात लावनार नाही, आत्ताच सांगतो. इंजिनियर व्हाले पाठवलं होतं याले. आमी चिखलातून वर निघालो, अन् हा कॉम्प्युटरमधी चिखल करून राह्यला."

गेम सुरू झाला. बाबांचे दोन्ही हात मांडीवर. नजर भिंतीवरच्या कीबोर्डच्या तक्त्यावर. मी मागच्या बाकावर, तोंड बंद. आयुष्यात बापाला चार शब्द सुनवायची एवढी इच्छा कधी झाली नव्हती, आणि नेमकी तेव्हाच परवानगी नव्हती.

आमचं आठ एकर वावर आहे. शाळा सुटली की बाबा सायकलवर तिकडं जायचे, रात्ररात्र राखणीला थांबायचे. मग एका वर्षी उभी तूर डुकरांनी अशी झोपवली की काढायला काही उरलंच नाही. दुसऱ्या वर्षी तेच. बाबांनी वावर दुसऱ्याला बटईनं कसायला देऊन टाकलं आणि त्या रस्त्यानं जाणं सोडलं. तेव्हा मी बारा वर्षांचा. घरात पुन्हा त्या वावराचं नाव निघालं नाही. मीही गेलो नाही. गेममधलं सगळं मी ऐकीव लिहिलं होतं.

पहिलं डुक्कर आलं. बाबा तक्ता वाचत होते.

दुसरं आलं. वावराच्या कडेचा एक चौकोन गेला. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

आणि खायचा आवाज सुरू झाला. कचर-कचर, कचर-कचर. तो आवाज आम्ही शोएबला मक्याची कणसं खायला लावून माईकसमोर घेतला होता. बाबांची मान सर्रकन वळली. दुसरा चौकोन गेला. तिसरा. बाबांच्या मांडीवरची बोटं वळली. चौथा.

"हाऽऽट्!"

सगळा क्लास दचकून उभा राहिला. समोरच्या रांगेतल्या एका बाईंच्या हातातून माऊस खाली पडला. बाबांच्या हातात मात्र माऊस होता! कसा धरायचा, कुठं दाबायचं, कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन मिनिटांत तीनदा टेबलाच्या खाली गेला. चौथ्यांदा बसला. दोन माणसं मचाणावर, दोन कुंपणाला, एक गाडीवर. "हट्, हट्, इकून बी हाये एक. ए धोंड्या, पाय उचल न!" खुर्ची मागं गेली. बाबा उभे राहूनच खेळत होते. एक वावर गेलं. तीन राखली. शेवटची गाडी घरात शिरली तेव्हा अठरा मिनिटं झाली होती.

'पीक घरी आलं.'

प्रणितानं वहीत दहाचा आकडा लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. सरांनी टाळी वाजवली. मी अजूनही गप्पच होतो. नियम संपला हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

बाबांनी श्वास घेतला. पाटी वाचली. आपण काय करून बसलो ते त्यांना तेव्हा समजलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, वहीकडं बघितलं, मांडीवरून खाली पडलेल्या पिशवीकडं बघितलं. मग खिशातून मोबाईल काढला आणि सगळ्या क्लासला ऐकू जाईल अशा आवाजात मामाला फोन लावला.

"हॅलो, दिनकरराव? मंग्याचं दुकानाचं राहू द्या. नाही, नाही, याच्या काही कामाचं नाही हे पोट्टं. अहो, डुक्कर कोन्या बाजूनं येते थे बी मालूम नाही याले! सडकेकून आणते हा डुक्कर. सडकेकून! हा शेतकऱ्याइले काय सांगन, कप्पाळ? हो. हो. नाही, आज नाही येत. पोळा झाला की पयले वावरात नेतो त्याले."